दोन नंबर उजळ

इसक्कियम्माळच्या पार्लरमध्ये बाई शिरायची ती गोरी व्हायला, आणि पहिल्या भेटीत बहुतेकदा बाहेर पडायची ती रागाने लाल होऊन. तमिळनाडूतल्या पाळयंकोट्टैच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खुर्च्या, एक आरसा आणि कुरकुरणारा पंखा, एवढाच तिचा पसारा. तो तिने बावीस वर्षं चालवला, पण गिऱ्हाइकाशी गोड बोलणं काही तिला जमलं नाही. नवरा सुडलैमुत्तू सरकारी बसवर ड्रायव्हर. तो म्हणायचा, "माझ्या बसमधून माणसं धक्के खाऊन उतरतात, तुझ्या जिन्यावरून शिव्या खाऊन. तरी दोघांकडेही परत येतात. दुसरी सोय नाही ना गावात."

तिचं शास्त्र साधं होतं. कुणी फाउंडेशन मनगटावर लावून बघायला लागलं की ती तो हात खसकन बाजूला करायची. "तोंड काय मनगटावर आहे तुझं?" मग गाल संपून मान सुरू होते तिथे, जबड्याच्या कडेला, तीन शेडच्या तीन रेघा ओढायची आणि बाईला तशीच जिन्यावरून खाली नेऊन रस्त्यावरच्या उजेडात उभी करायची. ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. भांडेवाल्याची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची, बाई पदराने तोंड झाकू बघायची, पण इसक्की दहा मिनिटं तिला हलू द्यायची नाही. फाउंडेशनला वारा लागला की ते गडद होतं, आणि लावल्या लावल्या जुळलेला रंग घरी पोचेपर्यंत परका होतो. दहा मिनिटांनी जी रेघ कातडीत मिसळून दिसेनाशी व्हायची, ती शेड त्या बाईची.

"पण अक्का, हिने तर मी आहे तशीच दिसेन," बाई रडकुंडीला यायची.

"मग काय शेजारीण दिसायचंय?"

"दोन नंबर उजळ द्या ना. नणंदेच्या मुलाचं लग्न आहे."

"देते की. मान घरी ठेवून जाणार असशील तर देते."

बाई तणतणत जायची, दुसऱ्या पार्लरमध्ये दोन नंबर उजळ थापून घ्यायची, लग्नाच्या फोटोत पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसायची आणि पुढच्या लग्नाला मुकाट्याने इसक्कीचा जिना चढायची. इसक्की तेव्हाही तिला सोडायची नाही. "आलीस? मान आणलीस का?"

स्वतः इसक्की काळी होती. सावळी नव्हे, गव्हाळ नव्हे, काळी. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं ती सांगायची. ते खोटं होतं. वाटायचं, म्हणूनच ती एवढी भांडायची.

मुलगी सेंबगम एकुलती एक, आणि रंगाने थेट आईवर गेलेली. शाळेतून आली की पार्लरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून गृहपाठ करायची. रोज तिच्या कानावर एकच पाठ पडायचा: येणारी प्रत्येक बाई उजळ मागते आणि आई नाही म्हणते. इसक्कीला वाटायचं, पोरगी आईचं ऐकते आहे. पोरगी त्या बायकांचं ऐकत होती.

सेंबगमला चोविसावं लागलं तेव्हा तेनकासीच्या उलगम्माळच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा कुट्रालिंगम तूत्तुकुडीच्या बंदरात क्रेन चालवायचा. बोलायला साधा, जेवताना भाजीला नावं न ठेवणारा. फोनवर तीन महिने दोघं बोलत राहिली आणि त्याने एकदाही रंगाचा विषय काढला नाही. सेंबगमचा जीव त्याच्यावर जडला तो एवढ्यावरच. उलगम्माळने मात्र पहिल्याच भेटीत, कॉफीचा पेला खाली ठेवायच्या आत, आईकडून मुलीकडे आणि मुलीकडून आईकडे बघितलं.

"खाण तशी माती," ती म्हणाली. "पण रंग सोडला तर बाकी पोर छान आहे. आणि रंगाचं काय घेऊन बसलात, तुमचा तर धंदाच तो. तुम्ही कराल दुरुस्त."

"दुरुस्त करायला ती काय मिक्सर आहे?" इसक्की म्हणाली.

सुडलैमुत्तूने घाईघाईने हलव्याची बशी पुढे केली. स्थळ मोडलं नाही. पण रात्रीचं जेवण वाढताना सेंबगम आईकडे न बघता म्हणाली, "अम्मा, माझ्या लग्नात तोंड आवरायचं. माझं लग्न आहे ते, तुझं दुकान नाही."

इसक्कीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचे तीन महिने मात्र तिने मुलीच्या रंगाची अशी काही तयारी केली की सासरच्यांनी बोट तोंडात घालावं. दोन बाटल्यांतलं फाउंडेशन ती थेंबाथेंबाने मिसळून बघायची, सकाळच्या उजेडात, दुपारच्या उजेडात, मंगल कार्यालयातल्या दिव्यांखाली सुद्धा. सेंबगमची कातडी आतून पिवळसर होती, लालसर शेडने ती विटल्यासारखी दिसायची. शेवटी असं मिश्रण जमलं की लावल्यावर मुलीचं तोंड फक्त झोप झाल्यासारखं टवटवीत दिसावं. इसक्कीने ते छोट्या डबीत भरलं आणि झाकणावर मुलीचं नाव लिहिलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शन. कार्यालयाच्या दारात बारा फुटांचा फ्लेक्स लागला होता आणि स्टुडिओवाल्याने त्यात सगळ्यांनाच दुधात बुडवून काढलं होतं. नवरा गुलाबी, नवरी त्याहून गुलाबी, आणि खाली ओळीने छापलेले काका-मामा विलायतेहून परस्पर आल्यासारखे. सुडलैमुत्तूला स्वतःचा फोटो दोनदा शोधावा लागला. "हा मी?" तो म्हणाला. "याला कुणी बसचं लायसन देणार नाही."

नवरीच्या खोलीत इसक्कीने टॉवेल अंथरला, स्पंज भिजवून पिळून ठेवले, डबी उघडली. तेवढ्यात दार ढकलून उलगम्माळ आत आली. मागे तीन मजली पेटी घेतलेली तरुण बाई, मदुरैची मेकअपवाली जॅस्मिन. जॅस्मिनच्या मनगटावर आतल्या बाजूला चार पांढुरक्या रेघा होत्या.

"विहीणबाई, तुम्ही पाहुण्यांचं बघा," उलगम्माळ म्हणाली. "हिचा मेकअप ही करेल. खर्च आमचा."

"माझ्या मुलीचा मेकअप मी करणार आहे."

"तुमचं करणं ठाऊक आहे. गावभर ठाऊक आहे. आहे तसंच ठेवायचं तर पार्लर कशाला, घरचं साबण-पाणी काय वाईट?"

इसक्कीने जॅस्मिनचा हात धरून उजेडात फिरवला. "या रेघा कशाशी जुळवल्यास?"

जॅस्मिन गडबडली. "बाहेर... फ्लेक्सवरच्या गालाशी लावून बघितलं, अक्का."

"फ्लेक्सशी!"

"मग कशाशी बघायचं?" उलगम्माळ मध्येच कडाडली. "चारशे माणसं दारातला फ्लेक्स बघून आत येणार. आत भलतीच बसलेली दिसली तर म्हणतील, यांची मुलगी बदलली. आमची अब्रू जाईल."

"मग फ्लेक्सच्याच गळ्यात ताली बांधायला सांगा मुलाला! खर्च कमी, जेवायलाही मागणार नाही."

"बघितलंत? ही यांची जीभ! उचलली आणि लावली टाळ्याला. मुलीचं लग्न आहे की—"

"अम्मा," सेंबगम म्हणाली. "बाहेर जा."

इसक्कीला वाटलं, ती विहिणीला सांगते आहे. पण सेंबगम आरशातून आईकडेच बघत होती.

"त्यांना करू दे. मला हवंय ते."

"काय हवंय? हे? हे पीठ?"

"हो. पीठ. एक दिवस तरी हवंय. तू सगळ्या गावाला नाही म्हणालीस, मला पण म्हणणार? बाहेर जा, अम्मा."

इसक्की बाहेर गेली. व्हरांड्यात नातेवाईक बायका मोगरा ओवत बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता ती खांबाला टेकून उभी राहिली. घडलं ते भिंतीपलीकडून सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कुणी काही विचारलं नाही म्हणून तिला जास्तच राग आला.

पाऊण तासाने ती दारापाशी गेली. जॅस्मिनचं काम आवरत आलं होतं. इसक्कीने एका नजरेत सगळं टिपलं. फाउंडेशन दाबून बसवण्याऐवजी फासलेलं. काळ्या कातडीवर थेट गोरा रंग दिल्याने तोंडावर राखेची छटा. रंग अर्ध्या मानेवर येऊन थांबलेला. आणि कान? कान विसरलेच होते. दोन्ही कान मूळच्या रंगाचे, आणि त्यांच्यापुढे पांढरं तोंड, पाट्यावर चिकटवलेल्या कागदासारखं. स्टेजवरच्या दिव्यांत ते आणखी उठून दिसणार होतं. ओल्या स्पंजाने दोन मिनिटांचं काम होतं. नुसतं "कान" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

इसक्की बोलली नाही. होऊ दे फजिती, तिच्या मनात आलं. कळू दे पोरीला. ती वळली, मांडवात जाऊन पहिल्या रांगेत बसली आणि हाताची घडी घातली. सख्ख्या आईने हे केलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

फार वाट बघावी लागली नाही. नवरा-नवरी स्टेजवर उभी राहिली, फोटोवाल्याने बाजूने फोटो काढायला दिवा फिरवला, आणि नवऱ्याच्या कुणा चुलतभावाने मित्रांमध्ये आवाज न दाबता म्हटलं, "वहिनींनी तोंड बरोबर आणलंय, कान घरी विसरल्या!"

आधी चारच पोरं हसली. मग मागच्या रांगेतल्या बायका वाकून बघायला लागल्या. मग हसणं खुर्च्यांच्या रांगांमधून मागे मागे गेलं. हाच विनोद इसक्कीने बावीस वर्षं केला होता. दुसऱ्याच्या तोंडून, स्वतःच्या मुलीवर झालेला, तो तिने पहिल्यांदाच ऐकला.

सेंबगमने ऐकलं. वेणीतल्या मोगऱ्याच्या सरी तिने हळूच पुढे ओढून कानांवर घेतल्या. मग पाकिटं आणि भेटी स्वीकारत, दोन तास, ती मान लचकल्यासारखी एका बाजूला कलती धरून उभी राहिली. कुट्रालिंगमने वाकून काही विचारलं तर तिने नुसती मान हलवली. खाली बसलेली उलगम्माळ जॅस्मिनला दातओठ खाऊन काहीतरी बोलत होती. इसक्कीने उठून जायला दोनदा खुर्चीचा हात धरला. पण स्टेजवर चढून सगळ्यांसमोर मुलीच्या कानाला हात लावणं म्हणजे आणखी शोभा. बैल गेला आणि झोपा केला, यात काय शहाणपण!

इसक्की नवरीच्या खोलीत सामान आवरत होती. पंगती चालू असतानाच सेंबगम आत आली, दाराला कडी लावली आणि दागिने न काढता आईसमोर उभी राहिली.

"तू दारात आली होतीस."

"हो."

"तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"आणि बोलली नाहीस."

"तूच म्हणालीस, बाहेर जा."

"म्हणून? रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला तू दहा दहा मिनिटं उन्हात उभी करतेस, तिची कुठे रेघ राहायला नको म्हणून. आणि मला तशीच वर पाठवलीस?" सेंबगमचा आवाज फाटला. "तुला बरं वाटलं ना, अम्मा? खरं सांग."

खोटं बोलता आलं असतं. मुलीला तेच हवं होतं, की आईने नाही म्हणावं.

"वाटलं," ती म्हणाली. "ते हसेपर्यंत वाटलं."

सेंबगम रडली नाही. गालावरची पावडर ओघळू नये म्हणून तिने डोळे वर केले आणि छताकडे बघत बोलली, "उद्या तू करायचंस. आणि तुझ्या डबीतलं नाही. याच रंगाने. तोंड, कान, मान, पाठ, हात, पाय, माणसांची नजर जाईल तिथं सगळं. कुणाला कळता कामा नये. उद्या एक रेघ जरी दिसली ना, तर मी परत तुझ्या दारात येणार नाही."

सकाळी सहाला, खिडकीशी, इसक्कीने काम सुरू केलं. मुहूर्त साडेनऊचा होता. आधी तिने सगळ्या तोंडावर केशरी रंगाचा पातळ थर दिला. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या जॅस्मिनने न राहवून विचारलं, "हे खाली कशाला, अक्का?"

"वरचा राखेसारखा दिसू नये म्हणून. फुकट शिकायला मिळतंय, शीक."

मग जॅस्मिनच्याच बाटलीतलं फाउंडेशन तिने आपल्याकडचं पिवळं मिसळून थोडं पिवळसर केलं आणि भिजल्या स्पंजाने, कुठेही न घासता, दाबत दाबत बसवायला लागली. एक थर, वारा, दुसरा थर. कपाळ केसांच्या मुळांपर्यंत. पापण्या. नाकपुडीच्या खाचा. कानांच्या पाळ्या, पाळ्यांच्या मागची बाजू, कानांच्या आतल्या वळणांत बारीक कुंचला. मानेच्या घड्या, पाठ, काखेपर्यंत दंड, बोटांची पेरं. मेंदीला धक्का न लावता नखांच्या कडा. हे तोंड तिने दिलं होतं, हा रंगही तिचाच. प्रत्येक थापेगणिक ती स्वतःला पुसत होती, आणि काम इतकं सफाईने उतरत होतं की तिला आपल्या हातांचाच राग आला. वाकडं करायचं ठरवलं असतं तरी ते वाकडं करणाऱ्यातले हात नव्हते.

पावणेनऊला उलगम्माळ तपासायला आली. नवरीची हनुवटी धरून तिने तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं, कानामागे वाकून बघितलं. नाव ठेवायला जागा सापडली नाही.

"आता आमच्यात शोभते," ती म्हणाली. "एवढं येत होतं तर इतकी वर्षं गावाला छळलंत कशाला?"

इसक्कीने स्पंज पिळला आणि पाण्यात टाकला.

सेंबगम आरशासमोर उभी राहिली. ती हसली. खोटं नाही, पाहुण्यांसाठी नाही, मनापासून हसली. आरशात आधी एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या, मग हात पुढे करून बोटं उघडली-मिटली. चोवीस वर्षांत इसक्कीने तिला आरशात इतका वेळ रमलेली बघितली नव्हती. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. उलगम्माळचे टोमणे, कालचा तमाशा, ते सगळं ती पचवून गेली असती.

मेळमचे सनई-ढोल वाजले, ताली बांधली गेली, अक्षता पडल्या. चारशे माणसांत एकालाही काही कळलं नाही. जेवणाच्या हॉलमध्ये इसक्की रिवाजाप्रमाणे पंगतींतून फिरत पाहुण्यांना आग्रह करत होती. तेनकासीच्या एका म्हातारीने तिचा हात धरला. डोळे चांगले होते म्हातारीचे, आणि मनही वाईट नव्हतं.

"तुम्ही नवरीच्या कोण?"

"आई."

"आई?" म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खुशीत मान डोलावली. "देवाची करणी बघा हो. पोर अजिबात तुमच्यावर गेलेली नाही. सुटली बाई!"

"गेली होती," इसक्की म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत." आणि तिच्या पानावर हलव्याचा मोठा गोळा आपटून पुढे गेली. म्हातारी शेजारणीला विचारत राहिली, काय म्हणाली ही?

दुपारी गाडी दाराशी लागली. बारा फुटांच्या फ्लेक्सखालीच निरोपाची गर्दी झाली. सुडलैमुत्तू ड्रायव्हरला वळणावर सांभाळून घे म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होता. सेंबगम वडिलांच्या पाया पडली, मग आईच्या. उन्हात तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते, पण रंग जागचा हलला नव्हता. इसक्कीने काल दुपारपासून मुलीला हात लावला होता तो स्पंजाने. आता तिला उठवून तिने दोन्ही तळवे पुढे केले, गालांवरून फिरवून दृष्ट काढायला.

सेंबगम चटकन मागे सरली.

"नको, अम्मा," ती म्हणाली. रागाने नाही, काळजीने. "पुसलं जाईल."

इसक्कीने हात मागे घेतले. मुलीचं बरोबर होतं. अंगाला घाम असताना बोट लागलं, की खालचा रंग उघडा पडतो.